दोन सह्यांच्या बाई

रक्तपेढीत त्यांना सगळे 'दोन सह्यांच्या बाई' म्हणत. पिशवी बाहेर जाण्याआधी एकाने तिचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने वहीशी ताडून पाहायचा आणि मग दोघांनी सही करायची, हा नियम तिथे सगळ्यांनाच होता. पण घाईच्या वेळी बाकीचे स्वतःच वाचत आणि स्वतःच मान डोलवत. बाई मात्र शेजारी कुणी नसेल तर पिशवी हातात धरून उभ्या राहत.

"बाई, तुमचे डोळे काय कच्चे आहेत का?" नवी मुलगी एकदा म्हणाली.

"पक्के आहेत, म्हणूनच भरवसा नाही. त्यांना जे दिसायला हवं असतं तेच दाखवतात."

अशी सत्तावीस वर्षं काढली. मग त्यांचा एकुलता एक मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. पंधराव्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या, नंबर वाचले, सह्या केल्या. लोक म्हणाले, बाई खंबीर. खंबीर कसल्या! दात काढताना हिरडीला भुलीची सुई देतात, तसं सगळ्या अंगाला झालं होतं. दुखत नव्हतं आणि दुसरंही काही कळत नव्हतं.

मुलाच्या खोलीत त्याने आणून ठेवलेलं सामान तसंच होतं. बुटांच्या खोक्याएवढी काळी पेटी, एक बोर्ड, मेमरीची पट्टी, दोन कोऱ्या हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो नि व्हिडिओ एका जागी राहतील असा छोटा सर्व्हर तो बांधणार होता. "रविवारी बसतो गं," म्हणत सहा रविवार गेले. तोवर सगळं होतं ते त्याच्या एका जुन्या डिस्कवर, त्याच्या पहिल्या पावलापासून शेवटच्या सहलीपर्यंत. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि आता ती जुनी डिस्क लावली की आतून टिकटिक ऐकू येऊ लागली होती.

"टिकटिक म्हणजे तिचे दिवस भरले," कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस म्हणाला. "सामान आहे ना घरात? मग स्वतःच बांधा, ताई. हल्लीचं सॉफ्टवेअर पोरखेळ आहे. विचारेल त्याला 'पुढे' म्हणायचं. कुकर लावता येतो ना?"

"कुकरच्याही शिट्ट्या मोजाव्या लागतात," बाई म्हणाल्या आणि सॉफ्टवेअर भरलेला पेनड्राइव्ह घेऊन घरी आल्या.

रविवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली. बोर्ड बसवला, मेमरीची पट्टी 'कट' आवाज होईपर्यंत दाबली, स्क्रू वाटीत ठेवले. पेटीत डिस्कसाठी तीन कप्पे होते. वरच्या दोनांत कोऱ्या डिस्क सरकवल्या. जुनीवर पांढरी चिकटपट्टी लावून तीही खालच्या कप्प्यात बसवली; जोडणी झाली की लगेच सगळं उतरवून घेता येईल, असा हिशेब. तिन्हींच्या तारा बोर्डवर जागा दिसेल तिथे खोचल्या आणि पेनड्राइव्ह लावला.

गॅलरीत नवरा कालचाच पेपर वाचत होता. तो गणिताचा निवृत्त शिक्षक. मुलगा गेल्यापासून दोघांत दिवसाला तीन वाक्यं होत: चहा ठेवलाय, दार लावलं का, झोपा आता.

लॅपटॉपवर सर्व्हरचं पान उघडलं. खरंच पोरखेळ होता. भाषा विचारली, पुढे. पासवर्ड विचारला, पुढे. मग लिहून आलं: दोन डिस्क निवडा, दोन्हींवर सारखीच प्रत राहील, एक बिघडली तरी दुसरी असेल. खाली तीन डिस्क, प्रत्येकीपुढे तिचा नंबर. तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या; मुलाला एकदा पटलेली वस्तू तो बदलत नसे. बाईंनी वरच्या दोनांवर खूण केली.

'निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?'

बोट थांबलं. शंका आली म्हणून नव्हे, सवय म्हणून. शेजारी कुणी नव्हतं.

"अहो, इकडे या जरा. नंबर वाचायचेत."

नवरा चष्मा पुसत आला. बाईंनी त्याच्या हातात टॉर्च दिला. "डिस्कच्या कडेला नंबर आहे. शेवटचे चार आकडे, वरून खाली."

"वरची. सात, दोन, चार, एक."

"बरोबर."

"मधली. पाच, पाच, शून्य, आठ."

बाईंचं बोट दुसऱ्या ओळीवर अडलं. स्क्रीनवर दुसरी होती नऊ, तीन, शून्य, सहा.

"परत वाचा."

"अगं, पाच पाच शून्य आठ. आकडे वाचण्यातच जन्म गेला माझा."

"आणि चिकटपट्टीवाली?"

"नऊ, तीन... शून्य, सहा."

स्क्रीनवरचा क्रम कप्प्यांचा नव्हताच. कुठली तार बोर्डवर कुठे खोचली, त्याचा होता.

"पुढे म्हटलं असतंस तर?"

"पुसलं गेलं असतं."

"सगळं?"

"सगळं."

नवरा खुर्चीवर बसला. बाईंनी मशीन बंद केलं, जुन्या डिस्कच्या तारा काढल्या, दोन कोऱ्यांची जोडी केली आणि मगच जुनी परत जोडली. प्रत उतरायला संध्याकाळ झाली. नवरा उठून गेला नाही.

"जुनीवर किती फायली?" बाईंनी विचारलं.

"अकरा हजार चारशे सहा."

"नवीवर अकरा हजार चारशे सहा."

पेटीवर पांढरी चिकटपट्टी लावून बाईंनी तारीख लिहिली, सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"मी कशाला? मी काय तुमच्या रक्तपेढीत आहे?"

"वाचलंत ना? मग करा."

त्याने केली, प्रगतिपुस्तकावर करायचा तशी, पूर्ण नावाची. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाला, "एखादा व्हिडिओ उघडून बघायचा?"

बाईंनी मनात चाचपून पाहिलं. काही नव्हतं. जीभ हिरडीवरून फिरावी आणि कळू नये, तसं.

"आज नको."

"बरं."

"टॉर्च दुपारपासून चालूच राहिलाय," बाई म्हणाल्या.

त्याने तो बंद केला.