तिनं खोडलेलं नाव

मी जागतिक आरोग्य विषयात एम.ए. करत होते. ते दुष्काळाचं वर्ष होतं. वाळूजच्या कारखान्यांमागच्या नव्या वस्तीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि मी तिथं प्रबंधासाठी प्रश्नावली घेऊन घरोघर फिरत होते. एका दारात कंपनीतून नुकतीच आलेली बाई उभी होती.

"जेवणाआधी साबणानं हात धुता का? हो की नाही?" मी विचारलं.

तिनं रिकाम्या ड्रमवर बोटं वाजवली. "‘नाय’ लिहू नका, ताई. आम्ही घाणेरडे ठरतो. पाणीच येत नाय, असं लिहा."

"तसा रकाना नाही."

"मग मला बी धरू नका." तिनं माझं पेन घेऊन प्रश्नावलीवरचं स्वतःचं नाव गिरवून गिरवून खोडलं. आता ते मला आठवतही नाही.

पुढच्या घरी मला तो प्रश्न विचारवेना. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "प्रश्नावली परदेशात ठरली आहे. बदलणार नाही."

"मग माझा प्रबंध राहू द्या," मी म्हटलं.

आठवडाभरानं सरांनी बदललेली प्रश्नावली माझ्या हातात ठेवली. तिच्यात पाणी येतं का, हा प्रश्न पहिला होता.

मी पुन्हा तिच्या दारात गेले. तिनं ओळीओळीवर बोट ठेवून नवी प्रश्नावली वाचली आणि उंबऱ्यावर बसली.

"आता विचारा," ती म्हणाली. "लई सांगायचंय."