पडद्यावरच्या वकिलाचा उलटतपास

कोर्टात त्यांना सगळे दिवाणीदादा म्हणत. फौजदारी खटल्याला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता. कुंपण, सामाईक भिंत, जिना कुणाचा, गच्ची कुणाची, भाडेकरू निघतो की नाही, असल्या भांडणांत त्यांचे केस पांढरे झाले. काम चोख होतं. घाईघाईत बोलणं नाही, आवाज चढवणं नाही. न्यायाधीश त्यांचं म्हणणं मान हलवत ऐकून घेत आणि अशिलांना निकाल बहुतेक वेळा मिळे. उशिरा मिळे, पण मिळे. एकूण बरं चाललं होतं, आणि टीव्हीवर ती मालिका सुरू होईपर्यंत तसंच चाललं.

त्या मालिकेत एक वकील होता. उंच, खांदे रुंद, कोट असा बसलेला की जणू तो कोटासकटच जन्माला आला असावा. दर भागाच्या शेवटी तो पिंजऱ्यातल्या साक्षीदारापाशी जाई, क्षणभर गप्प राही आणि मग एकच प्रश्न विचारी. साक्षीदार ढसाढसा रडून सगळं कबूल करी. तारीख पडणं नाही, समोरचा वकील आजारी पडणं नाही, कागद गहाळ होणं नाही. हातासरशी न्याय.

दिवाणीदादांच्या आईने त्याचं नाव ठेवलं होतं ‘आपला वकील’. पोटच्या मुलाला मात्र ती ‘हा’ म्हणे. “आपला वकील काय बोलला काल! नाहीतर हा. ह्याला भाजी कशी झाली विचारलं तरी म्हणतो, पाहू.”

आईचं एक वेळ चाललं असतं. म्हातारं माणूस. पण बायको? मालिका लागायच्या आधी ती गॅस बंद करून टाके. हात पुसत येऊन बसे, आणि तो पडद्यावर आला की पदर सावरी. पदर सावरणं दादांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, भास झाला. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं वर्तमानपत्र उलटं धरल्याचं त्यांच्या लक्षात आलं. एकदा तर शेजारच्या वहिनींना ती सांगत होती, “मला बाई असं ठाम बोलणारा माणूस आवडतो. एक घाव, दोन तुकडे.” दादा आतल्या खोलीत होते. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. बायकोने विचारलं, “बरं नाही का?” ते म्हणाले, “पाहू.” आणि स्वतःवरच चडफडले.

मग हा आजार कोर्टापर्यंत पोचला. अशील येत आणि खुर्चीत बसायच्या आधी विचारत, “साहेब, तुम्ही ओरडणार ना?” एकाने तर स्पष्ट सांगितलं, “शेवटी तो एक प्रश्न टाका. तो टाकतो तसा.” दादांनी न्हाणीघरातल्या आरशासमोर कंबरेवर हात ठेवून एकदा “थांबा!” असं गरजून पाहिलं. बाहेरून आई म्हणाली, “पाणी गेलं का रे?” पुढच्याच आठवड्यात एका जिन्याच्या दाव्यात त्यांनी फाइल टेबलावर आपटली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “वकीलसाहेब, टेबल सरकारी आहे.” समोरचा वकील तोंडावर रुमाल धरून हसला. त्यानंतर दादांनी फाइल आपटली नाही, पण आतल्या आत जे आपटत होतं ते काही थांबलं नाही.

अशा दिवसांत त्यांच्याकडे एक बाई आल्या. हॉस्पिटलातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्सबाई. सगळी नोकरी दुसऱ्या गावी झाली, इथलं स्वतःचं घर एका एजंटामार्फत भाड्याने दिलेलं. आता परत यायचं होतं. करार संपला होता, पण भाडेकरू हलत नव्हता. गुडघे गेल्यामुळे रिकाम्या वरच्या मजल्यावर राहणं जमणार नव्हतं, खालचं घर हवं होतं.

“भाडेकरू करतो काय?” दादांनी कागद चाळत विचारलं.

“नट आहे. तो नाही का मालिकेतला वकील? तोच.”

दादांनी कागद खाली ठेवला. मग ते इतक्या आपुलकीने म्हणाले की बाईंनाही नवल वाटलं, “बाई, तुम्ही काळजीच करू नका. हे प्रकरण मी स्वतः जातीने बघतो.” जणू बाकीची प्रकरणं दुसरंच कुणी बघत होतं.

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण अशी गोष्ट झाकून राहते होय? नटाच्या साक्षीची तारीख पडली तशी आईला शेजारून खबर लागली. तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं.

“आपल्या वकिलाला घराबाहेर काढणार तू?”

“आई, घर त्या बाईंचं आहे.”

“अरे, पण त्याने किती लोकांना न्याय दिला!”

“त्याने एकालाही दिला नाही! तो वकील नाही, त्याला कलम आणि कलिंगड यातला फरक कळत नाही!” दादांचा आवाज असा चढला की आईच दचकली. बायको वाढता वाढता म्हणाली, “मी येऊ का त्या दिवशी? कोर्ट कधी पाहिलंच नाही.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, कोर्ट पाहावंसं तिला आत्ता वाटलं. कुणासाठी, ते दादांना सांगायची गरज नव्हती.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टायपिस्ट मुली, स्टॅम्प विकणारे, दुसऱ्या कोर्टातले शिपाई, सगळे भिंतीला चिकटून उभे. मागच्या बाकावर दादांची बायको बसली होती. निळी साडी, नीट केस. दादांनी एकदाच तिकडे पाहिलं आणि कागदांत डोकं घातलं.

नट पिंजऱ्यात येऊन उभा राहिला आणि दादांना पहिलं सुख मिळालं. तो पडद्यावर दिसे तेवढा उंच नव्हता. शपथ घेताना तो दोन ठिकाणी अडखळला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की करार संपल्यावरही राहा, असं बाईंनी त्याला तोंडी सांगितलं होतं.

दादा उठले. घसा खाकरून त्यांनी अगदी नेहमीच्या, भाजी-बाजाराच्या आवाजात सुरुवात केली.

“बाईंनी हे तुम्हाला कुठे सांगितलं?”

“घरी. समोरासमोर.”

“केव्हा?”

“करार संपला त्याच महिन्यात.”

“त्या महिन्यात बाई निवृत्तीच्या आधीची शेवटची ड्युटी करत होत्या, दुसऱ्या गावी. तुम्ही त्यांना हॉस्पिटलच्या फोनवर फोनही केला होता. बरोबर?”

“...हो.”

“म्हणजे त्या इथे आल्याच नव्हत्या.”

नटाने कपाळ पुसलं. “मग फोनवर म्हणाल्या असतील.”

“असतील? आत्ता तर समोरासमोर म्हणालात.”

न्यायाधीश लिहून घेत होते. समोरच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. खटला तिथेच जिंकला होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. दादांचे सीनियर, ज्यांच्या हाताखाली ते शिकले, नेहमी सांगत, “ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये. आणि जिंकल्यावर तर ठाऊक असलेलाही विचारू नये. खाली बसावं.” दादांचा हात खुर्चीच्या पाठीकडे गेलाही.

तेवढ्यात त्यांची नजर मागच्या बाकाकडे गेली. बायको पुढे वाकून पिंजऱ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर कळवळा होता. जिंकत होते ते, आणि कळवळा त्याचा!

दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते खुर्ची सोडून पिंजऱ्यापाशी गेले. क्षणभर गप्प राहिले. अगदी तो राही तसे.

“तुम्ही एवढे मोठे कलाकार. घरोघरी तुमची पूजा चालते. तुम्हाला काय घरांची वाण आहे? मग एका म्हाताऱ्या नर्सच्या घराला गोचिडासारखे का चिकटून बसला आहात?”

खोलीत कुजबुज झाली. समोरच्या वकिलाने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण नट आधीच बोलू लागला होता. इतक्या हळू की न्यायाधीशांना पुढे झुकावं लागलं.

“माझी आई आहे घरात. आम्ही राहायला आलो तेव्हा तिला दिसत होतं. नंतर दोन्ही डोळे गेले. वर्षभर ती भिंतींवर आपटत होती. आता तिला घर हाताने पाठ झालंय. चूल कुठे, दार कुठे, कुठला उंबरा उंच. स्वतःचा चहा स्वतः करते. दुसऱ्या घरात नेलं की पुन्हा आपटणार. हे कुणाला सांगायचं नाही असं तिनेच बजावलं होतं, लोक कीव करतात म्हणून. माझ्या वकिलांनाही मी बोललो नाही.” मग तो थांबला. “बाईंनी राहा म्हटलं नव्हतं. मी त्यांना फोनवर विचारलं, तेव्हा त्या बघू म्हणाल्या होत्या. ते मी माझ्या सोयीने ‘हो’ धरलं.”

कबुली तर मिळाली. पण असली कबुली कुणाला हवी होती? बाकावर कुणीतरी नाक ओढलं. दादा तिथेच उभे. पडद्यावरच्याला या क्षणी संगीत मिळत असे.

नर्सबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. “अहो, हे आधी नाही का सांगायचं?” शिपायाने “बसा बसा” केलं, पण त्या कुठल्या ऐकतात! जन्मभर आजाऱ्यांना हात धरून चालवलेली बाई ती. न्यायाधीशांनी मधली सुट्टी केली आणि बाई गुडघे सांभाळत थेट व्हरांड्यात नटाला गाठून उभ्या राहिल्या. दादा मागून पोचेपर्यंत दोघांचं ठरूनही गेलं होतं. मागच्या दोन खोल्या बाईंच्या, पुढच्या दोन त्याच्या आईच्या, स्वयंपाकघर दोघींचं, आणि सामान तसूभरही हलवायचं नाही.

“आणि मी?” नट म्हणाला.

“तुम्ही वरच्या मजल्यावर. तुमचे गुडघे शाबूत आहेत ना?”

दुपारनंतर तडजोड कागदावर आली. न्यायाधीश सही करताना म्हणाले, “दिवाणीदादा, शेवटचा प्रश्न फार मोलाचा होता. इतक्या वर्षांत तुम्हाला असं खोलात शिरताना पाहिलं नव्हतं.” वकिलांच्या बार रूममध्ये त्यांच्या पाठीवर थापा पडल्या. नर्सबाईंनी दोन्ही हात जोडले. “तुम्ही विचारलं म्हणून कळलं, साहेब. नाहीतर केवढं पाप झालं असतं माझ्या हातून.” दादा सगळ्यांना हसून दाखवत होते. चोराला हार घालून मिरवत न्यावं, तसं त्यांना वाटत होतं.

घरी जाताना दोघं पायीच निघाली. बरंच अंतर चालून झालं. मग बायको म्हणाली,

“शेवटचा प्रश्न का विचारलात?”

“का म्हणजे? सुचला.”

“तुम्ही खाली बसणार होता. तुमचा हात खुर्चीकडे गेला होता.”

दादांनी रस्त्याकडे पाहिलं.

“आणि विचारताना तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हता,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघत होता.”

त्यांना उलटतपासाच्या सगळ्या युक्त्या येत होत्या, पण स्वतः पिंजऱ्यात कधी उभं राहायची वेळ आली नव्हती. शेवटी ते म्हणाले, “तू पदर सावरतेस. तो आला की.”

ती चालता चालता थांबली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं आणि ती इतकी हसली की शेजारून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला. “अहो, तेवढ्यात जाहिरात संपते आणि मी पंख्याखाली येऊन बसते! पदर उडतो!” मग हसू आवरून, जरा हळू आवाजात म्हणाली, “थोडा आवडतो म्हणा. खोटं कशाला बोलू?”

दादांना ‘थोडा आवडतो’ तेवढंच ऐकू आलं. पुढचे कित्येक दिवस तेच ऐकू येत राहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मालिकेत एक भाग लागला. एक घरमालकीण, एक भाडेकरू, आणि पिंजऱ्यापाशी तो. या वेळी मात्र त्याने आवाज खाली आणला, भाडेकरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “तुला घरं काही कमी नाहीत, मग याच घरात का राहायचंय, मित्रा?” वाद्यं वाजली. आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “बघ. असं विचारावं लागतं. मायेनं.”

“आई, हा प्रश्न ह्यांचा आहे,” बायको म्हणाली. “ह्यांनीच विचारला होता आधी.”

“ह्यानं?” आईने मुलाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मग आपल्या वकिलाचं बघून शिकला असेल.”

प्रश्न चोरीला गेल्याचं दादांना फारसं वाईट वाटलं नाही. पण तो प्रश्न विचारताना त्या पडद्यावरच्या माणसाच्या पोटात काहीही जळत नव्हतं. त्याला कुणाला हरवायचं नव्हतं, मागच्या बाकावर त्याचं कुणी बसलं नव्हतं. इतक्या स्वच्छ मनाने आपल्याला तो विचारता आला असता तर? कोटाचा, उंचीचा, आवाजाचा हेवा त्यांनी करून झाला होता. हा हेवा नवा होता, आणि तो मात्र कधीच गेला नाही.

जाहिरात लागली तशी बायकोने विचारलं, “तुमची पुढची तारीख कधी?”

“परवा. पण कुंपणाचं प्रकरण आहे. तो नट नसणार तिथे.”

“मी कुठे त्याचं विचारलं?”

आणि ती खरंच आली. तीच निळी साडी, तोच मागचा बाक. खोली रिकामी होती, पंखा संथ फिरत होता आणि मोजणीदार कुंपणाच्या खांबांविषयी सांगत होता. थोड्याच वेळात तिची मान एका बाजूला कलली. दादांनी वळून पाहिलं, साक्षीदाराच्या जरा जवळ सरकले आणि राहिलेले सगळे प्रश्न तिची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात विचारले.