गुरुवारी जळालेला गेम

मंडळी, मैत्री आणि व्हिडिओ गेमवरची एक गाजलेली कादंबरी आज दुपारी संपवली. खेळांची पानं फार आवडली. पण त्यातले मित्र वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि कादंबरी तो अबोला सुंदर करून दाखवते, याचा राग आला.

कारण मीही तेच केलंय.

शाळेतली माझी मैत्रीण नसरीन निजामपुऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत राहायची. तिच्या मामूंनी दुबईहून टीव्हीवर खेळायचा गेम आणला होता. शेजारचे ते माग, म्हणजे लूम, चालू असले की व्होल्टेज खालीवर व्हायचं, म्हणून गेम फक्त शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला लावायचा. एका गुरुवारी ती चहा करायला आत गेली आणि मी घाईने बटण दाबलं. गेम जळाला. बोलणी तिने खाल्ली, मी गप्प राहिले. मग लाजेने तिच्याकडे जाणंच सोडलं.

आज पुस्तक मिटलं, शाळेच्या ग्रुपवरून नंबर घेतला आणि तिला फोन करून सगळं सांगून टाकलं.

"पागल, मला तेव्हाच माहीत होतं," नसरीन म्हणाली. "गेम गेला तर गेला. तू यायचं का बंद केलंस?"

याचं उत्तर या शुक्रवारी तिच्या घरी जाऊन देणार आहे, नक्की.

तुमचाही असा एखादा फोन राहिलाय का?