दोन चौदाचा फोन

एप्रिल २०२१, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. ठिकाण – मानवतमधलं आमचं घर. हजर माणसं दोनच : मी, आणि मागच्या खोलीत तापाने पडलेली माझी बायको. मी शाळेत लिपिक आहे. सत्तावीस वर्षं हजेरीपटाच्या बेरजा केल्यात. असल्या भुताखेताच्या, न उलगडणाऱ्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून जायचो. तरीही हे लिहितोय...

बायकोचा रिपोर्ट आदल्या दिवशीच पॉझिटिव्ह आला होता. गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी गॅसच्या नळीने पेट घेतला. तिच्या खोलीची वाट स्वयंपाकघरातूनच. मी अंगणात पळालो आणि अग्निशामकला फोन लावला. पत्ता विचारून झाल्यावर पलीकडचा म्हणाला, "घरात कुणी पॉझिटिव्ह हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

खरं सांगितलं तर तयारीत त्यांचा वेळ जाईल, असं वाटलं. गल्लीचीही भीती होतीच.

बादली भरायला हौदावर वाकलो आणि खिशातला फोन पाण्यात पडला. तो काढत बसलो नाही.

दोन पंचवीसला गाडी आली. आलेल्या दोन्ही जवानांच्या तोंडाला जाड मास्क, हातात ग्लोव्हज. आग विझली, आणि आत जाण्याआधी एकाने पांढरं किट चढवलं. मी तर काहीच सांगितलं नव्हतं. त्याने बायकोला उचलून आणलं. ती त्याच्या खांद्यावर खोकत होती.

नंतर तो लांब उभा राहून म्हणाला, "काका, तुमी दुसरा फोन केला ते लय बरं केलं. लोक सांगत न्हाईत. मागल्या महिन्यात एका घरानं लपवलं अन् आमचा सोपान गेला. दोन लेकरं हायत त्याला."

"सांगायलाच पाहिजे ना," मी म्हणालो.

महिन्याभराने आगीचा दाखला आणायला अग्निशामक केंद्रात गेलो, तेव्हा तिथली फोनची नोंदवही पाहिली. दोन दहा – माझं नाव, पॉझिटिव्ह नाही. दोन चौदा – तेच नाव, तोच नंबर, 'पेशंट एक, मागची खोली. मास्क घालून या.'

फोन घेणारा हसला. "तुमचाच आवाज की, काका. पहिल्यांदा घाबरला होतात, दुसऱ्यांदा निवांत बोललात."

दोन चौदाला माझा फोन हौदात होता. संध्याकाळी काढला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. कंपनीकडून यादी मागवली, तर त्या दुपारचा कॉल एकच. बायकोचा फोन दुरुस्तीला दिलेला होता.

बायको बरी झाली. त्या दोघांनाही काही झालं नाही. किट घातलेला तो मला अजून बाजारात भेटतो, आणि सोबतच्यांना सांगतो, "हेच ते काका, ज्यांनी खरं सांगितलं." मागच्या आठवड्यातही म्हणाला. मी मान हलवली, त्याच्या पैशाने चहा प्यायलो.

तो फोन कुणी केला, मला माहीत नाही. मी केला नव्हता, एवढं नक्की. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.