घळीत उतरायची सोय

सासरी जास्त दिवस राहिलेल्या जावयाने तोंड उघडू नये. मी उघडलं.

दिवाळीला सासरी, पिंपळगाव राजाला गेलो आणि संक्रांत आली तरी तिथेच होतो. (घरून काम चालू होतं, मी घरजावई नव्हतो. पण हे गावाला कोण सांगणार?) मुक्काम लांबला तो सासऱ्यांच्या शेताकडेच्या घळीमुळे. पावसाने कोरलेली, पुरुषभर खोल, पिवळ्या मातीच्या उभ्या भिंती, आत गवताची काडी नाही. थेट वाळवंटातली दरी! थंडीतलं पहिलं ऊन आत शिरलं की एकच भिंत सोन्यासारखी उजळायची. तेवढा एक फोटो मला प्रदर्शनाला पाठवायचा होता. पण रोज कधी धुकं, कधी ढग, कधी मधोमध कुणाची तरी शेळी.

"जवाईबापू, त्या खड्ड्यात काय पाहून राह्यले?" सासरे विचारायचे. दर पावसाळ्यात ती घळ त्यांची जमीन खायची, त्यामुळे तिचं नावही त्यांना नको असे.

"सौंदर्य, मामाजी."

"हाव का," म्हणून ते म्हशीकडे वळत.

एका सकाळी उतरताना घसरलो. कॅमेरा वाचला, पँट काठच्या बाभळीने ठेवून घेतली. रात्री जेवताना मी कडाडलो, "त्या घळीत उतरायची काही सोय नाही! माणूस पडला तरी कुणाला पर्वा नाही."

सगळ्यांचे घास थांबले. सासरे सासूबाईंना म्हणाले, "जवाई नाराज होऊन गेला तं गावात तोंड कसं दाखवाव?"

पुढचे दोन दिवस ढगाळ, म्हणून गेलो नाही. मग आभाळ लख्ख झालं. कॅमेरा घेऊन धावलो, तर घळ नाही. सपाट जमीन, कडेला डोझर आणि डोझरशेजारी हसरे सासरे.

"मामाजी, घळ कुठाय?"

"बुजवली ना. तुम्हीच म्हटलं, उतराची सोय नाही. आता उतराचं कामच नाही."

"अहो, पण मला उतरायचंच होतं!"

"काऊन? आता कुठीबी उभे राहा."

मी संतापून मागोमाग आलेल्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबांनी आजवर कोणाचं एवढं ऐकलं नव्हतं."

सासऱ्यांनी टोपी सरळ केली. "काढा आता फोटो."

काढला. काय करणार? रागाने बटण दणकन दाबलं.

तो फोटो आता सासरच्या बैठकीत चौकटीत लटकतो. आल्यागेल्याला सासरे सांगतात, "जवाई लय मोठा फोटोग्राफर हाय. या एका फोटोसाठी अख्खा हिवाळा थांबला."

फोटो हललेला आहे.