एकआकडी पाटी

जपानमध्ये गाडी तेरा वर्षांची झाली की तिच्यावर जादा कर बसतो. जणू म्हातारं होणं हा गुन्हाच. माझा साडू ऑस्ट्रेलियात होता आणि दर फोनला मुद्दाम हाच विषय काढायचा. त्याच्याकडेही जुनी गाडी होती, पण तिकडे जुन्या गाड्यांच्या क्लबचं सभासद झालं की नोंदणी अगदी स्वस्तात व्हायची. अट एकच, गाडी फक्त क्लबच्या कार्यक्रमांना बाहेर काढायची. "तू एवढा घासाघीस करणारा, आणि सरकारपुढे मान खाली?" असं म्हणून तो हसायचा. मी फोन आपटायचो.

पुण्याहून कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून मी नागोयाला आलो आणि पुढे स्वतःची चार माणसांची कंपनी काढली. समोरच्याला घाम फोडल्याशिवाय मी कुठल्या करारावर सही केलेली नाही. माझी ही जुनी गाडी मात्र आधी एका निवृत्त टर्नर आजोबांची होती. मी सवयीने निम्म्याहून कमी किंमत सांगितली. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि "इंदोसान", म्हणजे भारतवाले साहेब, अशी हाक मारत म्हणाले, "चालेल. फक्त नंबराची पाटी जाऊ द्यायची नाही."

पहिल्याच आकड्याला हो म्हणणारा माणूस मला कधीच परवडलेला नाही.

त्या पाटीवर गावाच्या नावाशेजारी एकच आकडा होता, पाच. हल्लीच्या गाड्यांना तिथे तीन आकडे असतात. गाडी दुसऱ्या भागातल्या पत्त्यावर नोंदवली की जुनी पाटी परत द्यावी लागते, आणि एकआकडी पाटी पुन्हा कोणालाही मिळत नाही. आजोबांनी गाडी कोरी घेतली तेव्हापासून ती पाटी तिच्यावर होती. नदीकाठी महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लब जमायचा, तिथेही एकआकडी गाड्या पुढच्या रांगेत आणि बाकीच्या मागे. मी परका असून पुढे उभा राहायचो.

क्लबमध्ये मी साडूच्या देशातली पद्धत सविस्तर समजावली. सरकारकडे आपणही सवलत मागू या म्हणालो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, "कर भरताना तुम्हाला फार ओढाताण होते का?" त्यांच्या आवाजात इतकी खरी काळजी होती की मी घाईघाईने "छे, छे" म्हणालो. माझ्या मोहिमेचा तो शेवट.

मग बायकोने तोक्योतल्या कोतोमधली भारतीय शाळा शोधून काढली. माझी बरीचशी कामंही एव्हाना तिकडेच गेली होती.

"अहो, आपण कधी जायचं?"

"पाटी जाईल."

"गाडीला पाटी हवी, पोरीला शाळा नको?"

पोरीने जपानीत सांगून टाकलं की गाडीला पेट्रोलचा वास येतो, ती ट्रेननेच जाईल. घरात मी एकटा पडलो. शब्द मात्र आजोबांना दिलेला होता, आणि तोही अशा सौद्यात, जिथे मी एक पैसाही वर चढलो नव्हतो. तो मोडला असता तर मी नुसता लबाड ठरलो असतो.

तीन दिवस सगळ्यांवर चिडचिड केल्यावर डोकं चाललं. नागोयाचं ऑफिस मी बंद केलं नाही. एक टेबल आणि एक माणूस तिथे ठेवला, ऑफिसमागची पार्किंगची जागा भाड्याने घेतली आणि गाडी कंपनीच्या नावावर केली. भाग तोच राहिला, त्यामुळे पाटीही तीच राहिली. नोंदणीसाठी जागेचा दाखला लागतो, म्हणून पोलिसांचा माणूस पार्किंगची जागा मोजायला आला, तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलं.

आजोबांना सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. "आणि चालवणार कोण?"

"मीच. पहिल्या रविवारी येईन."

त्यांनी एक वही दिली. गाडी काढली की तारीख आणि किलोमीटर लिहायचे, फार दिवस उभी ठेवायची नाही.

तेव्हापासून दर महिन्याला कोतोतून शिनकानसेन बुलेट ट्रेनने नागोया, कव्हर काढून नदीकाठ, पुढच्या रांगेत दोन तास, वहीत नोंद आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. चौथ्या की पाचव्या फेरीला बायकोने ती वही उघडून पाहिली.

"म्हणजे तुम्हीही आता फक्त क्लबलाच गाडी काढता. भाऊजींसारखे."

मी वही तिच्या हातातून ओढून घेतली.

"आणि कर पूर्ण. जादाचा धरून. भाऊजींना कळवू का?"

"कळव," मी ओरडलो. "आणि त्याला विचार, त्याच्या पाटीवर आकडे किती आहेत!"

तिने खरंच फोन लावला.