समासातलं वाक्य

हे सदर मी नेमाने वाचतो, पण हसायला वाचतो. खोटं कशाला बोलू? पिंपळाखालची बाई, मागून आलेली हाक, गाडीच्या आरशात दिसलेला म्हातारा... आणि खाली पन्नास जण लिहिणार — 'अंगावर काटा आला'. मी प्राणिशास्त्र शिकवतो. काटा का येतो, केसाच्या मुळाशी कुठला स्नायू आखडतो, हे अठरा वर्षं फळ्यावर काढून दाखवतोय. तेव्हा मला कृपा करून तुमच्यात मोजू नका. बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाका, म्हणजे घरात तेच ते सांगणं तरी बंद होईल. म्हणून लिहितोय.

मी मूळचा नांदेडचा. घर तिथंच. सोमवार ते शनिवार लातूरला एका क्लासमध्ये शिकवतो आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने परत जातो. क्लासचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आमचे संचालक या प्रकाराचीही जाहिरात करतील, आणि तेवढी अब्रू मला अजून प्यारी आहे.

लातूरला डॉक्टर व्हायला येणाऱ्या पोरांबद्दल बाहेर फार कौतुक आहे. मला नाही. ही पोरं अभ्यास करत नाहीत, नोट्स जमवतात. धड्याच्या नोट्स, नोट्सचा सारांश, सारांशाचा एकपानी सारांश, आणि तो एकपानी सारांश भिंतीला चिकटवून त्याच्याकडे पाठ करून झोपणं. पिवळ्या पेनाने रेघा मारायला बसले की अख्खं पान हळद लागल्यासारखं करून ठेवतात. मग महत्त्वाचं काय उरलं रे, असं विचारलं तर म्हणतात, "सर, सगळंच इम्पॉर्टंट हाय."

आणि एक खास लातुरी खोड. घरून निघताना आईबापांनी बजावलेलं असतं — सर जे बोलतील ते सगळं लिहून घ्यायचं, पेपरात कुठून काय येईल सांगता येत नाही. पोरं ते शब्दशः पाळतात. एकदा श्वसनसंस्था शिकवताना मी म्हणालो, "खिडकी लावा रे, धूळ येतेय." वह्या तपासल्या तर तिघांनी 'फुफ्फुसांचे संरक्षण' या मथळ्याखाली लिहिलेलं — एक, खिडकी लावणे. म्हणजे लिहितात सगळं, वाचत काही नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या मंगळवारी दुपारची दोनची बॅच होती. दुसरा मजला, रस्त्याकडची खोली, धडा उत्सर्जनाचा. मी वृक्काचं, म्हणजे मूत्रपिंडाचं चित्र काढून नेफ्रॉन ही त्यातली बारीक नळी पाणी कसं वाचवते ते सांगत होतो, तेवढ्यात खाली पाण्याच्या टँकरचा पाईप निसटला. टँकर आमच्या गल्लीत बारा महिने येतो. पाणी रस्त्यावर, बाया घागरी घेऊन धावतायत, टँकरवाला आपला बिडी ओढत उभा. मी खिडकीतून पाहिलं आणि वर्गाला म्हणालो, "नेफ्रॉनला आहे तेवढी अक्कल या टँकरवाल्याला असती, तर लातूर आज बंदर झालं असतं." वर्ग हसला. साठ माना खाली गेल्या आणि साठ पेनं चालायला लागली. घ्या.

एक पेन तेवढं चाललं नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर सारिका नावाची मुलगी होती, जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती समोरच्या झेरॉक्सच्या सेटकडे बघत होती. कुणाच्या तरी हस्तलिखित नोट्सची ती स्पायरल बांधलेली प्रत. माझ्या वर्गात दुसऱ्याच्या नोट्स चालत नाहीत. मी सेट जप्त केला आणि तास संपल्यावर स्टाफरूममध्ये उघडला. आधी तुच्छतेने चाळला, हे ओघाने आलंच.

उत्सर्जनाच्या पानावर समासात लिहिलं होतं — 'सर म्हणाले : नेफ्रॉनला आहे तेवढी अक्कल या टँकरवाल्याला असती, तर लातूर आज बंदर झालं असतं.'

पेनाने नव्हे. झेरॉक्सच्या शाईत, बाकीच्या मजकुराच्याच अक्षरात. मी थुंकी लावून बोट घासलं, शाई पसरली नाही. ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊण तासापूर्वी बोललो होतो.

सारिकाला बोलावलं. "कुठून आणलास?"

"खाजाभाईच्या दुकानातनं, सर. चार दिवस झाले."

"समासातलं वाचलंस?"

"न्हाई सर. समासातलं पेपरला येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाजाभाईकडे गेलो. क्लासच्या कोपऱ्यावर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि पोरांचा माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे. "ह्या नोट्स कुणाच्या?"

"काय मालूम, सर. ओरिजिनल न्हाईच आपल्याकडं. झेरॉक्सचंच झेरॉक्स चालू हाय. कोणी म्हनतं पहिला आलेल्या पोराच्या, कोणी म्हनतं पोरीच्या. माल खपतोय, अल्लाची मेहेरबानी."

दुकानात आणखी दोन सेट होते. दोन्हींत टँकर होता. सेटमध्ये फिजिक्स आणि केमिस्ट्रीही होतं, पण त्या पानांचे समास कोरे. आमच्या फिजिक्सच्या सरांनी लिहून घेण्यासारखं आजवर काही उच्चारलेलंच नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्यांना सेट दाखवला तर म्हणाले, "योगायोग असेल हो." संचालक म्हणाले, "सर, तुमचे डायलॉग फेमस झाले, मार्केटिंगला बरंय." अशा डोक्यांमध्ये मी अठरा वर्षं काढली आहेत.

मी शास्त्राचा माणूस. म्हटलं, प्रयोग करू. गुरुवारी पुढचा धडा होता, हालचाल आणि सांगाडा. सेटमधली त्या धड्याची पानं न बघता चारही बाजूंनी स्टेपल मारून बंद केली, म्हणजे आधी वाचून नकळत तेच बोललो असं व्हायला नको. वर ठरवलं की आज पुस्तकाबाहेरचा एक शब्द बोलायचा नाही. वीस मिनिटं मी पुस्तकासारखाच कंटाळवाणा शिकवत होतो.

दोन वाजून वीस मिनिटांनी दार वाजलं. सारिका. धापा टाकत, हातात कापडात बांधलेला डबा. हे तिचं रोजचंच. खेड्यातून आई सकाळी एसटीत डबा ठेवते, तो दीडला लातूरच्या स्टँडवर उतरतो, आणि बस उशिरा आली की पोरगी उशिरा येते. तिच्यासारखी आणखी पोरं होती, पण ती आधी तास करून मग डबा आणायला जायची. हिला म्हणे डबा तसा बेवारस राहिलेला आवडत नव्हता.

"बस लेट झाली, सर."

माझं टाळकं सटकलं. खरं सांगायचं तर ते सकाळपासूनच सटकलेलं होतं आणि मी कुणीतरी सापडायची वाट बघत होतो. मी म्हणालो, "शरीरातली दोनशे सहा हाडं तुझी नीट हलतात, एक डोकं तेवढं हलत नाही. डबे खायलाच आली असशील तर जा, त्याच बसनं परत जळकोटला जा."

वर्ग खदाखदा हसला. ती दारात उभी होती. आणि मग... साठ माना खाली गेल्या. ते लिहून घेत होते. तिच्या देखत, ओळीने, सगळे जण तिचा अपमान वहीत उतरवत होते. ती वळली आणि जिना उतरून गेली.

स्टाफरूममध्ये येऊन पिना उपटल्या. 'सर म्हणाले : शरीरातली दोनशे सहा हाडं तुझी नीट हलतात...' सगळं होतं. जळकोटसकट. खाली कंसात — (सगळे हसले).

काटा आला का? आला. स्नायूचं नाव तेव्हाही आठवत होतं, उपयोग काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सारिका आली नाही. शनिवारी नाही, सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. मी धरून चाललो की गेली गावाकडे. एक बाक रिकामा झाला, असे दर वर्षी होतात. एवढ्यावरून जी मोडते ती पुढे रुग्ण काय तपासणार, असं मी स्टाफरूममध्ये बोललोही. पण सेट काही मला सोडवेना. मी पुढचे समास उघडले. मज्जासंस्थेचा समास कोरा होता. त्यानंतर शेवटचा धडा, संप्रेरकांचा. तिथे होतं —

'सर म्हणाले : माझं चुकलं. आधी डबा खाऊन घे.' आणि कंसात — (कोणी हसलं नाही).

मी मोठ्याने हसलो. माझं चुकलं! हे शब्द मी बायकोला कधी म्हणालो नाही, संचालकांना नाही, माझ्या बापाला नाही. आता झेरॉक्सचा कागद मला वळण लावणार? आणि मग लक्षात आलं की मी हे वाक्य किती सहज खोटं पाडू शकतो. ज्या मुलीला ते म्हणायचं ती वर्गातच नाही. तिला कुणी बोलावलं नाही की झालं. ती गावाकडे राहिली, की मी जिंकलो.

हो, असाच विचार केला मी. एका पोरीचं वर्ष एका बाजूला आणि झेरॉक्सच्या कागदाला हरवणं दुसऱ्या बाजूला, आणि मी दुसरी बाजू धरली. पोरांच्या डोक्यांना एवढी नावं ठेवल्यावर स्वतःचं डोकं लपवून चालायचं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी संप्रेरकांचा धडा संपवला. दाराकडे एकदाही पाहिलं नाही. तास संपल्यावर लाल पेन काढलं आणि त्या समासात ठळक अक्षरांत लिहिलं — 'सर असं काहीही म्हणाले नाहीत.' खाली सही केली. सेट बॅगेत घातला आणि नांदेडची बस पकडायला स्टँडवर गेलो. पाच वाजले होते, लख्ख ऊन होतं.

फलाटावरच्या बाकावर सारिका बसली होती.

मांडीवर पुस्तक आणि वही, शेजारी बांधलेला डबा. मला बघून ताडकन उभी राहिली. पुस्तक पडलं. मी उचललं तर संप्रेरकांचा धडा उघडा होता, आणि वहीत तिने स्वतःच्या हाताने त्याचा सारांश काढायला घेतला होता. अक्षर बघितलं. सेटमधलं नव्हतं.

"तू घरी गेली नाहीस?"

"न्हाई सर. कोणत्या तोंडानं जाऊ? घरी सांगितलंच न्हाई. आई रोज डबा पाठवायलीय. डबा घेते, दुपारपासून संध्याकाळपर्यंत हितंच बसते."

नऊ दिवस. नऊ दिवस ही मुलगी एसटीच्या धुरात बसून एकटीच धडे काढत होती, आणि मी समजत होतो की मी कागदाला हरवतोय.

"डबा का नाही खाल्लास अजून?"

ती खाली बघून म्हणाली, "क्लासला न बसता आईचा डबा खायाला बरं वाटत न्हाई, सर. हितल्या मावशीला देते. रिकामा डबा वापस गेला की आईला वाटतं, जेवली."

समोर नांदेडच्या बसचा कंडक्टर घंटी मारत होता. मला ते वाक्य आठवलं नाही. शपथेवर सांगतो, सेटचा विचारसुद्धा डोक्यात नव्हता. तोंडातून आपोआप निघून गेलं.

"माझं चुकलं. आधी डबा खाऊन घे."

सवयीने तिचा हात पेनाकडे गेला. "हे लिहू नकोस," मी म्हणालो. तिने पेन खाली ठेवलं. आजूबाजूला वीसेक माणसं होती, दोघं तर कान देऊन ऐकत होती. कोणी हसलं नाही.

ती जेवली. ज्वारीची भाकरी, दाळ, शेंगदाण्याची चटणी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, मीही खाल्ली. मग त्या बाकावर तिला संप्रेरकांचा धडा पुन्हा शिकवला. नांदेडची बस गेली, मी पुढच्या बसने गेलो. सोमवारी ती दाराजवळच्या बाकावर हजर होती, आणि दुपारच्या बॅचची हजेरी मी तेव्हापासून अडीचला घेतो. संचालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, वाक्य आधी वाचलं होतं म्हणून तोंडातून आलं. मान्य. मीही तेच म्हणालो असतो, आणि तुमच्याहून जास्त तुच्छतेने. मग टँकर कुठून आला? स्टेपल मारलेल्या पानातलं जळकोट कुठून आलं? खाजाभाईंना पुन्हा विचारलं. म्हणाले, ते सेट संपले, तसे पुन्हा कोणी आणले नाहीत. अक्षर कुणाचं, त्यांना माहीत नाही. मलाही नाही. अठरा वर्षांच्या जुन्या उत्तरपत्रिका काढून बघितल्या, कुठेच जुळलं नाही. खुलासा माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं तो म्हणेल त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही.

जप्त केलेला सेट नांदेडच्या घरी कपाटात आहे. मधूनमधून काढून बघतो. माझी लाल शाई थोडी फिकी झाली आहे, पण वाचता येते — 'सर असं काहीही म्हणाले नाहीत.' सहीसकट. अख्ख्या सेटमध्ये खोटं असं तेवढं एकच वाक्य आहे, आणि ते माझ्या अक्षरात आहे.